न दुखणारा खांदा

दवाखान्यात येणाऱ्या माणसाचे पहिले वाक्य बहुधा एकच असते, 'डॉक्टरसाहेब, दुखते.' कुठे दुखते, कधीपासून दुखते, रात्री जास्त की दिवसा, हे विचारत आम्ही डॉक्टर मंडळी रोगापर्यंत पोहोचतो. मराठीत तर आजारालाच 'दुखणे' म्हणतात. 'म्हाताऱ्याला मोठे दुखणे आले' असे आपण सहज बोलून जातो. पण ज्या दुखण्यात दुखतच नाही, ते ओळखायचे कसे? आज मी अशाच एका न दुखणाऱ्या दुखण्याविषयी बोलणार आहे. ते मला एका बाईने शिकवले. तिची ओळख पटू नये म्हणून तिचे नाव-गाव सांगत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट महिना होता. आमच्या चिमूर भागात तेव्हा धानाची रोवणी संपत आलेली असते. जंगलाकडच्या एका खेड्यातून चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई आपल्या दिराबरोबर दवाखान्यात आली. उजवा खांदा नारळाएवढा सुजलेला. लुगड्याच्या पदराखालूनही सूज दिसत होती.

'किती दिवस झाले?' मी विचारले.

'वीस-बावीस दिवस झाले असतील जी.'

'पडलात का कुठे?'

'नाही जी. बांधीत पऱ्ह्यांच्या पेंढ्या उचलत होती, तवा कडकन आवाज आला. मंग सुजला.'

'मग दुखत असेल फार?'

'दुखत नाही ना जी. दुखला असता तर आधीच नसती आली का?'

तिने त्याच खांद्याने उरलेली सगळी रोवणी पार पाडली होती. मी हात धरून वर उचलला. आत करकर वाजले, वाळू भरलेली पिशवी चोळावी तसे. एवढ्या सुजेत कोणीही किंचाळले असते. बाई मात्र शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. सूज आल्यावर गावात कोणीतरी खांद्यावर तापल्या विळ्याने डागही दिला होता. डाग देताना ती गप्पा मारत होती, हे दिराने सांगितले. डाग देणाराच घाबरला म्हणे.

मग माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. बोटांवर जुन्या-नव्या भाजल्याच्या खुणा होत्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग वाळून खोलगट झाला होता. दोन बोटे किंचित वाकलेली होती. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात असा हात पाहिला की डॉक्टरच्या काय आणि शेजाऱ्याच्या काय, मनात एकच शब्द येतो. दिराने मला बाजूला घेऊन तोच विचारला, 'महारोग हाये का जी?' घरात त्या बाईचा चहाचा कप आणि ताट दीड वर्षापासून वेगळे ठेवलेले होते. लेकराने तिच्या ताटात जेवायचे नाही, असेही ठरलेले होते.

एका बाईचे दोन आजार?

आता माझी चूक सांगतो. खांद्याला सूज आहे, ताप नाही, वेदना फारशी नाही, म्हणून मला सांध्याचा क्षय वाटला. आपल्याकडे क्षय काही कमी नाही. सुईने सांध्यातले पाणी काढले. लालसर पाणी निघाले. तपासणीत जंतू सापडले नाहीत आणि चार दिवसांत सूज पुन्हा होती तेवढी झाली. बोटे कुष्ठरोगाची आणि खांदा क्षयाचा, असे दोन आजार एका बाईच्या अंगावर लादून मी मोकळा झालो होतो.

दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा कंपाउंडरने नुकताच उतरवलेला चहाचा गंज स्टुलावर ठेवला होता. बाकावर बसता बसता बाईने आधारासाठी हात त्या गंजावर टेकला आणि तसाच ठेवला. मी ओरडलो, 'अहो, हात भाजेल!' तिने हात काढला, तळव्याकडे पाहिले आणि म्हणाली, 'भांडं हाये हे समजलं जी. गरम हाये हे नाही समजलं.'

हे एक वाक्य माझ्या डोक्यात घुमत राहिले. स्पर्श कळला, पण ऊन कळले नाही. हे कसे?

मी तिला डोळे मिटायला सांगितले. कापसाचा पुंजका बोटांवर, हातावर, खांद्यावर फिरवला. प्रत्येक वेळी ती बरोबर सांगत होती, 'इथं लागला जी.' मग टाचणी घेतली. टाचणीच्या टोकाचा आणि मागच्या गोल डोक्याचा फरक तिला सांगता येईना. 'काहीतरी लागलं' एवढेच ती म्हणे. मग दोन बाटल्या घेतल्या, एकीत ऊन पाणी, दुसरीत माठातले गार. दोन्ही हातांवर, खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागावर तिला ऊन-गार ओळखता आले नाही. पोटावर आणि पायावर मात्र लगेच ओळखता आले. थंडीत खांद्यावरून घोंगडी घ्यावी आणि ती हातांवरून खाली सोडावी, बरोबर तेवढ्याच भागातले ऊन-गार आणि टोचणे हरवले होते.

असा नकाशा कुष्ठरोग काढत नाही. असा नकाशा काढणारा रोग मानेत असतो.

वेळूसारखी पोकळी

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूकडून हातापायांना आणि हातापायांकडून मेंदूला जाणारे सारे निरोप याच दोरीतून जातात. ही दोरी भरीव असते. तिच्या मधोमध फक्त केसासारखी एक बारीक वाट असते. काही जणांत मात्र दोरीच्या आत पोकळी तयार होते आणि तिच्यात पाण्यासारखा द्रव साठतो. पोकळी हळूहळू रुंद होते, वर-खाली लांबते आणि मज्जारज्जू आतून पातळ करत जाते. या रोगाला सिरिंगोमायलिया म्हणतात. नाव जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत 'सिरिंक्स' म्हणजे वेळूची नळी किंवा बासरी. आमच्या जंगलातल्या माणसाला बांबू आतून पोकळ असतो हे सांगावे लागत नाही. मज्जारज्जूचा बांबू होतो, एवढे म्हटले तरी पुरे.

आता स्पर्श राहतो आणि ऊन-गार जाते, ते का? हाताकडून येणाऱ्या निरोपांचे मज्जारज्जूत दोन रस्ते आहेत. हलका स्पर्श आणि सांधा कोणत्या स्थितीत आहे याची जाणीव हे निरोप मुख्यतः मागच्या बाजूने सरळ वर जातात. वेदना आणि ऊन-गार यांचे निरोप मात्र आत शिरल्यावर थोड्याच अंतरात मध्यभाग ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात आणि तिथून वर निघतात. गावातला चौक डोळ्यांपुढे आणा. चौकात पाणी तुंबले तर चौक ओलांडणारे अडकतात, बाहेरच्या रस्त्याने सरळ जाणारे मात्र निघून जातात. पोकळी नेमकी या चौकात होते. दोन्ही बाजूंचे निरोप तिथेच एकमेकांना ओलांडत असल्याने बहुधा दोन्ही हात सापडतात. पायांचे निरोप खालीच ओलांडून कडेच्या रस्त्याला लागलेले असतात, म्हणून पाय सुरुवातीला वाचतात.

पोकळी आणखी पसरली की हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी दबतात. मग बोटांमधले मांस वाळते आणि बोटे वाकतात. पुढे पायांत ताठरपणा येतो. लहान मुलामुलींत कधी कधी पाठीचा कणा एका बाजूला वाकणे हीच पहिली खूण असते.

ही पोकळी होते कशाने? सर्वांत नेहमीचे कारण जन्मापासूनचे असते. लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरलेला असतो. प्राग येथील हान्स कियारी या शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये हा दोष वर्णन केला, म्हणून त्याला कियारीचे नाव आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि तो हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वर-खाली हलत असतो. छिद्राशी बूच बसल्यासारखे झाले की त्याची वाट अडते आणि मज्जारज्जूवर आतबाहेरचा दाब बिघडतो, असे मानले जाते. म्हणून अशा माणसाला खोकले, शिंकले, जड उचलले की डोक्याच्या मागच्या भागात जोराची कळ येते. आमच्या बाईला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, 'खोकलली की मागून डोकं फुटते जी.' हे तिने मला आधी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

दुसरी कारणेही आहेत. मोहाच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडून कण्याला मार बसला, तर काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, त्या जागी पोकळी होऊ शकते. मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणाचा क्षय किंवा मज्जारज्जूतली गाठ यांमुळेही होते.

वेदना राखणदार असते

पण रोग मानेत आणि खांदा का मोडला? त्यासाठी वेदना काय काम करते ते पाहावे लागेल.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ वाटीत बसलेला असतो. त्याला स्नायू आणि बंध सांभाळून धरतात. आपण एका कुशीवर झोपतो आणि खांद्यावर भार आला की झोपेतच कूस बदलतो. ओझे उचलताना ताण वाढला की हात आपोआप सैल सोडतो. लहानशी इजा झाली तर दोन-चार दिवस तो हात जपून वापरतो. हे सगळे वेदना करवून घेते. ती शेताच्या राखणदारासारखी असते. तिची कटकट होते, पण ती नसेल तर रान मोकळे पडते. वेदना गेली की छोट्या छोट्या इजा रोज होत राहतात आणि कोणी थांबवत नाही. बंध सैल होतात, हाड चिरते, चिरलेल्यावरच काम चालू राहते. सांधा पाण्याने भरतो. रक्तपुरवठा बिघडतो आणि हाड शोषून घेणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. काही महिन्यांत, कधी काही आठवड्यांतही, हाडाचा गोळाच नाहीसा होतो.

आमच्या बाईच्या खांद्याचा एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा क्षणभर वाटले की फिल्म दुसऱ्याच कोणाची आहे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक करवतीने कापावे तसे सरळ संपले होते. गोळा नव्हता. आसपास हाडाचा चुरा विखुरलेला होता. आणि त्या हाताने बाईने रोवणी केली होती!

अशा सांध्याला 'चारकॉट जॉइंट' म्हणतात. फ्रेंच उच्चार शार्को. झाँ-मार्तें शार्को हे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले मोठे चेतातज्ज्ञ. उपदंशाने मज्जारज्जू बिघडलेल्या रोग्यांचे सांधे फारशी वेदना न होता कसे ढासळतात, हे त्यांनी १८६८ मध्ये मांडले. त्याआधी १८३१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिचेल यांनीही मणक्याचा रोग आणि सांध्याची सूज यांचा संबंध दाखवला होता. शार्कोंचे म्हणणे होते की सांध्याचे पोषण सांभाळणारी चेता बिघडते म्हणून हाड विरते. जर्मन डॉक्टर म्हणत, तसे नव्हे, बधिर सांध्याला वारंवार इजा होते म्हणून तो मोडतो. आज आपण मानतो की दोन्ही गोष्टी घडतात.

सांधा कोणता बिघडतो, यावरून रोग कुठे आहे याचा अंदाज येतो. मधुमेहात पायाचा घोटा आणि पाऊल बिघडते. आज अशा सांध्यांचे सर्वांत मोठे कारण मधुमेहच आहे. उपदंशात गुडघा बिघडत असे. सिरिंगोमायलियात खांदा आणि कोपर. या रोगाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत सांधे असे बिघडतात आणि त्यांतले बहुतेक सांधे हाताचेच असतात. म्हणून खांदा असा ढासळलेला दिसला की मानेचा एमआरआय काढलाच पाहिजे. हा धडा मी उशिरा शिकलो.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो. 'न दुखणारा' म्हणजे अजिबात न दुखणारा असे नव्हे. काहींना थोडे दुखते. पण एक्स-रेमधली नासधूस आणि माणसाची तक्रार यांचा मेळ बसत नाही. हा न बसणारा मेळ हीच खूण.

कुष्ठ की दुसरे काही?

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. बधिर हात, भाजलेली बोटे, वाकलेली बोटे हे कुष्ठरोगातही दिसते आणि सिरिंगोमायलियातही. ही गफलत फार जुनी आहे. १८८३ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले एक गावडॉक्टर मोर्वां यांनी बोटांवर वेदनारहित जखमा होणाऱ्या रोग्यांचे वर्णन केले. काँस्टँटिनोपलचे झांबाको पाशा यांनी ठासून सांगितले की हे कुष्ठच आहे. पुढे त्यांतल्या कित्येकांना मज्जारज्जूचा रोग होता असे ठरले. मोठमोठ्या विद्वानांचा घोटाळा झाला, तिथे आपला झाला तर नवल नाही.

मग फरक कसा करायचा? कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात, म्हणून तो कातडी आणि कातडीजवळच्या चेता धरतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टे येतात. चट्ट्यावर ऊन-गार, टोचणे आणि हलका स्पर्श हे सारेच कमी होत जाते. कोपरामागची, कानामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची चेता दोरीसारखी जाड लागते. सिरिंगोमायलियात चट्टे नसतात, चेता जाड नसतात, कापसाचा स्पर्श कळतो आणि बधिरपणा घोंगडीसारखा दोन्ही खांद्यांवर पसरलेला असतो. कोपरावर हातोडी मारली तर हात झटका देत नाही, गुडघ्यावर मारली तर पाय नेहमीपेक्षा जास्त उडतो. आणि कुष्ठात हातापायांची बोटे जातात, पण खांदा असा सहसा ढासळत नाही.

याचा अर्थ कोणीही कुष्ठरोगाचे औषध परस्पर बंद करायचे असा मुळीच नाही. सिरिंगोमायलिया दुर्मीळ आहे, कुष्ठरोग आपल्याकडे अजूनही आहे. देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठले गेले, पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडत राहिले आहेत. बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध मोफत मिळते आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. माझे सांगणे एवढेच, की हात बधिर आहे पण चट्टा नाही आणि चेता जाड नाही, तर तपासणी तिथे थांबवू नये. मानेकडे पाहावे.

उपचार आणि त्यांची मर्यादा

बाईला नागपूरला पाठवले. मानेच्या एमआरआयमध्ये लहान मेंदूचे टोक खाली उतरलेले आणि मानेपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत मज्जारज्जूत लांबट पोकळी दिसली. कवटीच्या तळाशी मागचे थोडे हाड काढून अडलेली वाट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झाली. कारण वेगळे असेल तर कधी पोकळीतला द्रव नळीने दुसरीकडे वळवतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदू व मज्जारज्जूच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, म्हणून खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. आधी चौकशी करावी.

या शस्त्रक्रियेचा हेतू रोग पुढे जाऊ न देणे हा असतो. डोकेदुखी बहुधा कमी होते, पोकळी आकसते. पण गेलेली जाणीव पूर्ण परत येईलच असे नाही आणि नाहीसे झालेले हाड परत उगवत नाही. हे रोग्याला आधीच सांगितले पाहिजे.

खांद्याचे काय? पहिले काही आठवडे झोळीत हात ठेवून पूर्ण विश्रांती. सूज उतरल्यावर हळूहळू व्यायाम, म्हणजे स्नायू सांधा सांभाळायला शिकतील. लोक विचारतात, सांधा बदलता नाही का येणार? बधिर सांध्यात कृत्रिम सांधा सैल होण्याचा आणि निखळण्याचा धोका मोठा असतो. म्हणून तज्ज्ञ मंडळी फार निवडून आणि मज्जारज्जूचा उपचार झाल्यावरच तो विचार करतात. आमच्या बाईच्या बाबतीत केला नाही. तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. पण कोपरापासून पुढे ती सगळी कामे करते. भाकरी थापते, तांदूळ निवडते, लेकराची वेणी घालते.

घरी काय जपावे

वेदना गेलेल्या माणसाला डोळ्यांनी वेदनेचे काम करावे लागते. रोज रात्री दोन्ही हात उजेडात पाहावेत. फोड, चीर, काटा दिसला तर लगेच धुऊन बांधावे. चुलीवरचे भांडे फडक्याने किंवा सांडशीने धरावे. विळा-खुरप्याच्या मुठीला कापड गुंडाळावे. आंघोळीचे पाणी हाताने तपासू नये, पायाने तपासावे किंवा घरातल्या दुसऱ्याला तपासायला सांगावे. शेकोटीजवळ हात लांब ठेवावा. विडी ओढणाऱ्याने बोटांकडे लक्ष द्यावे, आणि विडी सोडता आली तर उत्तमच.

डोक्यावरचे, खांद्यावरचे जड ओझे बंद करावे. सुजलेल्या बधिर सांध्याला चोळू नये, ओढू नये, डाग तर कधीच देऊ नये. डाग दिला आणि माणूस ओरडला नाही, तर त्यात दैवी काही नाही, तो मज्जारज्जूचा निरोप आहे.

आणि कोणत्या खुणांवर लवकर तपासावे? हात भाजून कळत नाही. खोकताना डोक्यामागे कळ येते. हाताचे मांस वाळते आहे. वाढत्या वयाच्या मुलीचा कणा वाकतो आहे. झाडावरून पडल्याला वर्षे झाली आणि आता हात बधिर होतो आहे. किंवा सांधा मोठा सुजला आहे आणि दुखत नाही. यांतले काहीही असेल तर उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि ऊन-गार पाण्याच्या दोन बाटल्यांची तपासणी करण्याची आठवण डॉक्टरांना द्यावी. त्यात कमीपणा नाही. मला कोणी दिली असती तर माझे काही आठवडे वाचले असते.

शेवटी त्या कपाविषयी. शस्त्रक्रियेनंतर पुढच्या माघात घोडायात्रेला चिमूरला आली तेव्हा बाई सगळ्या कुटुंबासह दवाखान्यात डोकावली. दिराने मोठ्या उत्साहाने सांगितले, 'महारोग नव्हता ना जी, आता तिचा कप वेगळा नाही.' मला आनंद झाला, पण पुरता नाही. मी त्यांना म्हटले, समजा कुष्ठरोग असता, तरी कप वेगळा ठेवायचे काहीच कारण नव्हते. एका ताटात जेवल्याने तो रोग होत नाही आणि औषध सुरू झाले की रुग्णापासून इतरांना धोका राहत नाही. आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभे करायला घेतले, तेव्हापासून हे आपण ऐकत आलो आहोत. दीर गप्प बसला. बाई मात्र मान हलवून म्हणाली, 'मी तेच म्हणत होती जी. पण माझं कोण ऐकते?'

तिच्या खांद्याने तक्रार केली नाही, म्हणून तो मोडेपर्यंत कोणी पाहिला नाही. दीड वर्ष वेगळ्या कपात चहा पिताना तिनेही तक्रार केली होती, ती मात्र आम्ही ऐकली नाही. जे दुखत नाही तिकडे डॉक्टरने पाहावे, आणि जे दुखते आहे ते घरच्यांनी ऐकावे, एवढेच आज सांगायचे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)